बिअर्डेड ड्रॅगनच्या पिल्लाला किती खाऊ घालावे?

प्रश्न : आम्ही मेलबर्नला राहतो. मुलाच्या हट्टाखातर आम्ही बिअर्डेड ड्रॅगनचे, म्हणजे एका ऑस्ट्रेलियन सरड्याचे, पिल्लू पाळले असून ते आता साधारण तीन महिन्यांचे आहे. दुकानदाराने ‘खाईल तितके द्या’ असे सांगितले, तर ओळखीच्या एका गृहस्थांच्या मते अशाने यकृतात चरबी साठते, म्हणून दिवसाआडच खायला द्यावे. रातकिडे आणि सुपरवर्म (एका भुंग्याच्या मोठ्या अळ्या) ते अधाशासारखे खाते, पाल्याला मात्र तोंड लावत नाही. मुलगा शाळेतून आल्यावर आणि पुन्हा रात्री झोपण्यापूर्वी त्याला खाऊ घालतो. नेमके किती, काय आणि केव्हा द्यावे? — एक वाचक, मेलबर्न

उत्तर : दोन्ही सल्ल्यांत तथ्य आहे, पण ते वेगवेगळ्या वयांच्या प्राण्यांसाठी आहेत. दिवसाआड किडे देणे हे पूर्ण वाढ झालेल्या ड्रॅगनसाठी योग्य आहे. तीन महिन्यांच्या पिल्लावर तो नियम लादला तर त्याची वाढ खुंटेल. अंड्यातून बाहेर येताना जेमतेम 10 सेंटिमीटर लांबीचा असलेला हा सरडा शेपटीसह 45 ते 60 सेंटिमीटरपर्यंत पोहोचतो आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या वर्षातच होते. या काळात त्याला प्रथिने भरपूर लागतात, म्हणून पिल्लाच्या आहारात किड्यांचा वाटा सुमारे 70 ते 80 टक्के असतो आणि उरलेला पाल्याचा. प्रौढपणी हे प्रमाण जवळजवळ उलटे होते.

सध्या दिवसातून दोन ते तीन वेळा खायला द्यावे आणि दर वेळी 10 ते 15 मिनिटांत ते जितके किडे आपणहून पकडून खाईल तितकेच द्यावेत. किड्यांची संख्या ठरवून देणे मला योग्य वाटत नाही, कारण किड्यांचे आकार वेगळे असतात आणि पिल्लाची भूकही रोज सारखी नसते. वेळ संपली की उरलेले रातकिडे काढून घ्यावेत, कारण रात्री पेटीत राहिलेले भुकेले रातकिडे झोपलेल्या पिल्लाला चावतात. पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा किडा देऊ नये.

सुपरवर्म मात्र आपण आजच थांबवावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. त्यांच्यात चरबी जास्त असते, कवच टणक असते आणि लहान पिल्लाला ते नीट पचत नाहीत. मेलबर्नमध्ये सहज मिळणारे छोटे रातकिडे, वुडी झुरळे, रेशीमकिडे आणि ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्या यांच्यावर आहाराची मदार ठेवावी. रातकिड्यांमध्ये कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस कितीतरी जास्त असतो, म्हणून देण्यापूर्वी दिवसभर त्यांना पालेभाज्या आणि गाजर खाऊ घालावे आणि आठवड्यातले बहुतेक दिवस त्यांच्यावर कॅल्शियमची पावडर भुरभुरावी. पुरेसे कॅल्शियम आणि यूव्हीबी (अतिनील किरणांच्या) दिव्याचा प्रकाश मिळाला नाही तर पोटभर खाणाऱ्या पिल्लाचीही हाडे मऊ पडतात, जबडा रबरासारखा वाकतो आणि पायांना कंप सुटतो. यूव्हीबी दिवा वरून पेटलेला दिसला तरी त्यातून निघणारे उपयुक्त किरण काळानुसार घटतात; तो उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत, साधारण 6 ते 12 महिन्यांनी, बदलावाच लागतो.

रात्री झोपण्यापूर्वी खाऊ घालणे ही मुलाची माया आहे, हे मी जाणतो, पण ती वेळ बदलायला हवी. सरड्याच्या शरीरात स्वतःची ऊब निर्माण होत नाही आणि अन्न पचायला त्याला बाहेरची उष्णता लागते. ऊन शेकण्याच्या जागी दिवसा 38 ते 42 अंश सेल्सिअस तापमान असावे आणि शेवटचे खाणे दिवे मालवण्यापूर्वी किमान दोन तास आधी व्हावे. थंड पडलेल्या पोटात न पचलेले अन्न साठून राहते, आणि ‘जास्त खाल्ल्यामुळे त्रास झाला’ असे ज्याला म्हटले जाते त्याचे मूळ अनेकदा या थंडाव्यातच असते. शाळेतून आल्यावरचे खाणे चालू ठेवावे, रात्रीचे सकाळी न्यावे. पिल्लू काचेवर पाय मारत धावते म्हणजे ते भुकेले आहे, असेही समजू नये; स्वतःचे प्रतिबिंब, अपुरी जागा किंवा जास्त उष्णता यांमुळेही ते तसे करते.

पाला न खाणे या वयात नेहमीचेच आहे. तरीही तो रोज सकाळी, किड्यांच्या आधी, बारीक चिरून समोर ठेवावा. हलणारी एखादी अळी त्यावर सोडली तर तिच्यामागे पिल्लाच्या तोंडात पानही जाते. हे कष्ट चुकवू नयेत, कारण पुढे पाल्यावरच त्याला जगायचे आहे.

लठ्ठपणाचा खरा धोका सहा-सात महिन्यांनंतर सुरू होतो, जेव्हा वाढ मंदावते पण घरची सवय तशीच राहते. चार महिन्यांनंतर किडे दिवसातून दोनदा, सहा महिन्यांनंतर एकदा आणि वर्षभरानंतर आठवड्यातून दोन-तीनदाच द्यावेत. पाला मात्र रोज. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दर आठवड्याला, खाण्यापूर्वी, वजन करून वहीत लिहून ठेवावे. हे काम मुलाकडे द्यावे. लांबी थांबली असून वजन चढत राहिले, डोक्यावरचे चरबीचे उंचवटे फुगले किंवा शेपटीचे मूळ बेढब जाड झाले, तर किडे कमी करावेत. उलट तेच उंचवटे खपाटीला गेले किंवा वाढत्या पिल्लाचे वजन घटले, तर सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांना विष्ठेच्या नमुन्यासह लगेच दाखवावे.

प्रश्न : आमच्या एक वर्षाच्या ड्रॅगनला रोज पालक देतो. गच्चीवरच्या दिव्याशी जमणारे किडे पकडून दिले तर चालतील का? — एक वाचक, पुणे

उत्तर : रोज पालक नको. त्यातले ऑक्सॅलिक आम्ल कॅल्शियमला बांधून ठेवते. माठ आणि राजगिऱ्याचेही तसेच. त्याऐवजी मोहरीची किंवा शेवग्याची पाने, किसलेला लाल भोपळा आणि कधीतरी औषध न फवारलेले जास्वंदीचे फूल द्यावे. अॅव्होकॅडो विषारी आहे, तो कधीही देऊ नये.

गच्चीवरचे किडे देऊ नयेत. त्यांच्यावर कीटकनाशक असू शकते आणि त्यांच्यामुळे परजीवीही येतात. पावसाळ्याच्या तोंडावर सह्याद्रीत काजवे दिसू लागतात, तेव्हा तर विशेष जपावे. अमेरिकेतल्या फोटिनस जातीच्या काजव्यांत हृदयावर परिणाम करणारे विष असते आणि ते खाऊन बिअर्डेड ड्रॅगन दगावल्याच्या नोंदी आहेत. एकच काजवाही जिवावर बेतू शकतो. आपल्याकडच्या काजव्यांवर हा प्रयोग करून पाहू नये आणि सहलीहून आलेल्या मुलांनाही हे आवर्जून सांगून ठेवावे.