सगळे सोर्स एकदम सोडले आणि डेटाबेसने हात वर केले

प्रश्न: आमच्याकडे रोज रात्री १४ सोर्समधून डेटा वेअरहाऊसमध्ये (सगळा डेटा एकत्र साठवायची जागा) येतो. एकामागोमाग एक चालवले की ५ तास जातात, म्हणून मी सगळे एकदम पॅरलल सोडले, तर पोस्टग्रेस डेटाबेस 'टू मेनी क्लायंट्स' म्हणून ओरडायला लागलं आणि जे चालू होते तेही रखडले. आता ग्रुप पाडायचेत. सेल्स, स्टॉक, अकाउंट्स असे डिपार्टमेंटप्रमाणे पाडू का?

उत्तर: नका पाडू. डिपार्टमेंट ही माणसांची वाटणी झाली, मशीनला त्याचं काय! आधी एवढंच बघा की कुठला सोर्स कुठल्या सर्व्हरवर बसलाय. १४ नावं दिसतात पण बऱ्याचदा त्यातले ८-९ एकाच डेटाबेसवर असतात, आणि मग तुमचं पॅरलल म्हणजे एकाच दारातून नऊ जणांची रेटारेटी. हिशोब करा ना, ९ सोर्स, प्रत्येकी ८ कनेक्शन म्हणजे ७२ झाली, त्यात मूळ ॲपची ५० असली तर १२२, आणि पोस्टग्रेसची डिफॉल्ट मर्यादा १०० ची आहे (मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसची १५१). मर्यादा वाढवून टाकू असं लगेच मनात येतं, पण डिस्क तीच राहते, त्यामुळे एरर जाते आणि स्लोपणा तसाच राहतो.

म्हणून एक सर्व्हर म्हणजे एक ग्रुप. ग्रुप एकमेकांना पॅरलल चालू द्या, पण ग्रुपच्या आत एका वेळी किती चालणार त्याला मर्यादा घाला, दोनपासून सुरू करा आणि वेळ कमी होत जाईल तोवर एकेक वाढवा, कमी व्हायचा थांबला की तिथेच थांबा. एअरफ्लो (ठरल्या वेळी कामं सोडणारं टूल) वापरत असाल तर यासाठी पूल आहेत, म्हणजे एका वेळी ठरावीकच कामं आत घेणारे गट, प्रत्येक सर्व्हरला एक पूल करा, कारण तसं नाही केलं तर सगळं डिफॉल्ट पूलमध्ये जातं आणि त्यात १२८ स्लॉट (कामांच्या जागा) असतात, म्हणजे अडवणारं कोणीच नाही. एपीआयवाले सोर्स (जिथे थेट डेटाबेस नाही, वेबवरून विनंती करून डेटा मागायचा) वेगळे ठेवा, तिथे रेट लिमिट, म्हणजे ठरावीक वेळात किती विनंत्या चालतील याची मर्यादा, लागतं आणि ४२९ ('फार विनंत्या झाल्या' ही एरर) यायला लागले की जास्त लेन (एकाच वेळी चालणाऱ्या रांगा) उघडून काहीच मिळत नाही.

आता क्रम, जो लोक हमखास विसरतात. तुमच्या ३०० मिनिटांत समजा एकटं एक टेबल ९० मिनिटं खातं. चार लेन केल्या तर भागाकार ७५ येतो, पण ९० च्या खाली तुम्ही जाऊच शकत नाही. तेच टेबल नावाच्या क्रमात शेवटी आलं तर बाकीचे ५०-५५ मिनिटांत उरकणार आणि त्यानंतर हे महाशय सुरू होणार, म्हणजे सव्वादोन तासांच्या वर. सगळ्यात लांबलचक काम आधी सोडा, बस. रोनाल्ड ग्रॅहम या गणितज्ञाने १९६९ मध्येच दाखवलंय की एकमेकांवर अवलंबून नसलेली कामं अशी लावली तर एकूण वेळ सर्वोत्तम वेळेच्या ४/३ पटीच्या वर कधीच जात नाही, ते पण इतक्या साध्या युक्तीत.

९० च्याही खाली यायचं असेल तर मग ते टेबलच तोडायला लागेल. स्पार्कमध्ये (डेटा तुकड्यांत वाटून पॅरलल चालवणारं टूल) तोडताना लक्षात ठेवा, लोअर बाउंड आणि अप्पर बाउंड (ज्या कॉलमवर तोडता त्याची खालची आणि वरची किंमत) फिल्टर नाहीत, ते फक्त तुकड्यांची रुंदी ठरवतात. मी एकदा अप्पर बाउंड जुनाच ठेवला होता, नवीन सगळ्या रो शेवटच्या तुकड्यात जमा झाल्या आणि सात तुकडे रिकामटेकडे बसून आठव्याची वाट बघत होते.

आणि ऑर्डर आणि ऑर्डर लाइन्स (ऑर्डरमधली एकेक वस्तू) अशा जोड्या कधी फोडू नका. एक १ वाजता आणि दुसरं १:४० ला काढलं की आईबाप नसलेल्या, म्हणजे ज्यांची ऑर्डरच आली नाही अशा, लाइन्स येतात. दोन्हीला 'अमुक वेळेपर्यंतचाच डेटा' अशी एकच वरची सीमा द्या. पोस्टग्रेसमध्ये एका कनेक्शनचा स्नॅपशॉट (त्या क्षणी डेटा जसा दिसतो ते चित्र) एक्सपोर्ट करून बाकीच्या कनेक्शनना तोच वापरता येतो, पीजी डम्प या पोस्टग्रेसच्या बॅकअप टूलचं पॅरलल याच्यावरच चालतं.

प्रश्न: रात्रीत एक ग्रुप फेल झाला तर सगळं परत चालवायचं का?

उत्तर: छे, तेवढाच ग्रुप, आणि त्यातही झालेले सोर्स सोडून, फक्त वरच्यासारखी जोडी असेल तर दोन्ही परत. त्यासाठी 'कुठपर्यंत उचललं' ही नोंद सोर्सनिहाय ठेवा आणि लोड (वेअरहाऊसमध्ये डेटा भरणं) पूर्ण झाल्यावरच पुढे सरकवा. बरेच जण ती एक्स्ट्रॅक्ट (सोर्समधून डेटा काढणं) संपल्या संपल्या सरकवतात आणि मधेच लोड पडला की तेवढा डेटा गुपचूप गायब.