पोरीच्या वहीत मरणाची कविता सापडली

"मॅडम, पोरगी मरणाच्या कविता लिहितेय, जिवाचं काही बरंवाईट तर करून घेणार नाही ना?" हा प्रश्न घेऊन आईवडील नेहमी येतात. त्यातलीच एक गोष्ट सांगते, घरच्यांना विचारून आणि ओळखीच्या खुणा बदलून.

लालबागच्या एक ताई आल्या, पर्समध्ये अकरावीतल्या लेकीची वही, डोळे सुजलेले. वहीत होतं:

फास्ट गाडीत चढलो गं, ही चिंचपोकळीला थांबत नाही
पुलावर दिसलीस, हात केला, तू क्लासला निघाली होतीस

मी दोनदा वाचलं आणि विचारलं, ताई, लेक स्वतःबद्दल "चढलो" म्हणते का? त्या गप्पच झाल्या, मग म्हणाल्या, सासरे चार महिन्यांपूर्वी गेले, ही तेव्हा क्लासला होती.

म्हणजे कवितेतला "मी" आजोबा आहेत. आणि मुंबईच्या चिंचपोकळी स्टेशनला फक्त स्लो लोकल थांबते हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहिती, त्यामुळे गाडी थांबली नाही यात आजोबांचाही दोष नाही आणि पुलावरून घाईत गेलेल्या नातीचाही नाही. चार महिने जे कुणापाशी बोलता आलं नाही ते तिने एका गाडीवर घातलं. कविता हेच करते हो, मरणाकडे बघायला उभं राहायची जागा बदलून देते. तुकोबा म्हणतात, "आपुले मरण पाहिले म्यां डोळां", आणि त्याला सोहळा म्हणतात. अमेरिकेची एमिली डिकिन्सन मरणाला घोडागाडीतून न्यायला आलेला सभ्य माणूस करते, आणि बोलणारी बाई तो प्रवास आठवते कित्येक शतकांनंतर. म्हणून मरणाची कविता दिसली की आधी बघा, "मी" कोण आहे, कुठून बोलतोय.

पण नुसत्या क्रियापदावर विसंबून मी सोडलं नाही, सोडूही नये. मुलीला एकटीला बसवून सरळ विचारलं, तुला स्वतःला मरावंसं वाटतं का? असं विचारल्याने डोक्यात विचार घुसतो ही भीती खोटी आहे, उलट पोरं मोकळी होतात. ती नाही म्हणाली आणि खूप रडली. झोप, जेवण, मैत्रिणी, सगळं विचारून घेतलं. मूल आवडत्या वस्तू वाटायला लागलं, निरोपाचं बोलायला लागलं, सगळ्यांपासून तुटलं, तर मात्र कविता असो नसो, थांबू नका, टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर दिवसरात्र कधीही फोन करा, मराठीतही बोलतात.

पुढच्या वेळी ताई सांगत होत्या, घरी सगळ्यांसमोर तिने कविता वाचली, बाबा मधेच उठून गॅलरीत गेले, बऱ्याच वेळाने आत आले आणि म्हणाले, पण अण्णा फास्टला कधीच चढायचे नाहीत गं, गर्दीला घाबरायचे.

"म्हणूनच लिहिलं ना बाबा," ती म्हणाली, "त्यांना कुणीतरी ढकललं असणार आत."