चाड्यावरची मूठ

चि. ईरास,

आजी फोनवर म्हणाली, ‘काल चाड्यावर मूठ धरली’, तर तिनं नक्की काय धरलं, असं तू विचारलंस. शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, पेरणी सुरू झाली, एवढाच त्याचा अर्थ. पण ती मूठ कळायला आधी पाभर, म्हणजे बैलांनी ओढायचं पेरणीचं अवजार, कळायला हवी.

डिसेंबरात कोल्हापूरजवळ कणेरी मठावरचं सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय बघायला जाऊ. जुनं गाव तिथं माणसाएवढ्या सिमेंटच्या पुतळ्यांतून उभं केलंय, शेतीची कामंसुद्धा. पुतळ्यात अवजार कळतं. मूठ नाही कळत, ती सतत चालू असते.

तीन फणांची पाभर म्हणजे तिफण. कोल्हापूरकडं कुरी म्हणतात. खाली आडवं जाड लाकूड, ते दिंड. त्यात फण, म्हणजे जमिनीत रेघ पाडणारे दाते, ठोकलेले. प्रत्येक फणामागून बांबूची नळी वर चाड्यापर्यंत जाते. चाडं म्हणजे तळाला भोकं असलेली लाकडी वाटी. बैल चालतात, पेरणारी (बहुधा बाईच) ओटीतलं बी मुठीत घेऊन अंगठा नि बोटांमधून चाड्यात बारीक धार सोडते. धार मधोमधच पडायला हवी. एका बाजूला कलली की एक ओळ दाट, दुसरी विरळ.

बारीक म्हणजे किती? शाळूला एकरी 4 किलो बी, दोन ओळींत 45 सेंटीमीटर. एकरात ओळी भरतात जवळजवळ 9 किलोमीटर! हिशेब केलास तर मीटरभर चालीत तिन्ही नळ्यांना मिळून चाळीसेक दाणे येतील. तेही चालता चालता, बैलांच्या चालीनं.

खरा घोळ नळी तुंबल्यावर होतो. वाफसा येण्याआधी, म्हणजे पावसानंतर माती पेरणीजोगी सुकण्याआधी, पेरलं की ओली काळी माती फणाला चिकटून नळीचं तोंड बुजवते. बैल उभे असताना पाभर जमिनीत टेकवली तरी तेच. म्हणून बांधाशी वळताना मूठ आवळून पाभर उचलायची आणि बैल चालू लागल्यावरच टेकवायची. बी मातीआड जातं, त्यामुळे चूक उगवण झाल्यावरच दिसते: अख्खी ओळ रिकामी. म्हणून चाड्यावर लक्ष ठेवायचं: एका भोकाशी बी साचायला लागलं की बैल थांबवून काडीनं नळी मोकळी करायची.

कणेरीत पाभर दिसली की आधी चाड्यात डोकाव. भोकं मोज, मग फण मोज. आकडा जुळायला हवा.

तुझी आई