जीपचं इंजिन पान्याने फिरवलं की सेल्फ लागतो: दोष नक्की कुठे?

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. महिंद्राची एमएम ५४० जीप, प्यूजोचं २११२ सीसी डिझेल इंजिन, सेल्फ (इंजिन चालू करणारी मोटर) पाचातनं दोनदा इंजिन न फिरवताच घर्रर्र करून सुटतो. बॅटरी नवी टाकली, सेल्फ खोलून कार्बन ब्रश (आतल्या मोटरला वीज पोचवणारे तुकडे) बदलून आणला, तरी तेच. मग गॅरेजवाल्या पोराने पुढून क्रँक पुलीच्या (इंजिनच्या मुख्य शाफ्टवरच्या पुढच्या चाकाच्या) नटला पाना लावून इंजिन थोडं फिरवलं आणि गाडी एका झटक्यात चालू. आता तुम्ही पाना सीटखाली ठेवलाय आणि विचारताय की असंच चालवलं तर चालेल का.

चालेल, पण थोडेच दिवस. आणि खरं सांगू का, त्या पोराने नकळत तुमचं निदानच करून दिलंय, फक्त बॅटरी घ्यायच्या आधी केलं असतं तर पैसे वाचले असते.

काय होतं बघा, गाडी बंद असताना सेल्फचं पिनियन (छोटं दातेरी चाक) फ्लायव्हीलला (इंजिनच्या मागचं जड चाक, कडेला दातांची रिंग असलेलं) लागलेलं नसतं, ते मागे सरकलेलं असतं. म्हणजे तुम्ही पुढून इंजिन फिरवलंत तरी सेल्फच्या आत काहीच हलत नाही, आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) जिथे होतं तिथेच. बदलतं फक्त एक, पिनियनसमोर फ्लायव्हीलच्या रिंगचे कुठले दात येतात ते. त्यामुळे इंजिन फिरवून सेल्फ लागत असेल तर दोष बॅटरीत नाही, कार्बनमध्ये नाही, रिंगच्या दातांत आहे. उलट सेल्फवर हातोडीच्या दांड्याने ठोकल्यावर लागत असता तर मी कार्बन नाहीतर सोलेनॉइड (सेल्फवरचा विजेचा स्विच) म्हटलं असतं.

आता दात ठरावीक जागीच का झिजतात? चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना वाटेल तिथे थांबत नाही, दर अर्ध्या फेरीला कुठलातरी पिस्टन कॉम्प्रेशनवर (आतली हवा दाबायला) येतो, तो ढकलून पुढे जायची ताकद संपली की तिथेच जरा मागे येऊन थांबतं. म्हणजे रिंगवर समोरासमोरच्या दोनच जागा, आणि वर्षानुवर्षं सेल्फ त्याच दोन ठिकाणी आपटतोय. बाकीची रिंग नव्यासारखी असते हो, त्या दोन जागा मात्र उंदराने कुरतडलेल्या भाकरीसारख्या. मी माझ्या जीपचा सेल्फ काढून टॉर्च मारून आत बघितलं होतं, सात-आठ दात असे झालेले की बोट फिरवलं तर धारदार कपच्या लागत होत्या.

खात्री करायची असेल तर एक रुपया खर्च नाही. क्रँक पुलीवर खडूने एक ठळक रेघ मारा. सेल्फ चुकला की किल्ली काढा, खाली उतरा, रेघ कुठे आहे बघा आणि वहीत घड्याळाच्या काट्यासारखं लिहून ठेवा, दोनला होती, आठला होती वगैरे. आठ-दहा वेळात रेघ त्याच दोन जागी सापडली तर रिंगच. कुठेही सापडत असेल तर सेल्फचं बेंडिक्स (पिनियन पुढे नेऊन फिरवणारा भाग) घसरतंय, परत सेल्फवाल्याकडे.

पाना लावताना मात्र जपून. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड, किल्ली खिशात. आणि डिझेलला पेटायला ठिणगी लागत नाही म्हणून डिझेल बंद करणारी स्टॉपची नॉब ओढून ठेवा, गरम इंजिन एखादवेळी फुरफुरलं तर हात फॅनजवळ आहे तुमचा. पुढून बघताना घड्याळाच्या दिशेनेच फिरवा, उलटं फिरवून नटच सैल केलेले लोक पाहिलेत. दहा-वीस अंश पुरे. पाना लावायचा कंटाळा असेल तर किल्ली बंद ठेवून टॉप गिअरला टाका आणि दोघांनी गाडी वीतभर ढकला, तेच काम होतं. (पिनियन रिंगमध्ये अडकून नुसता टक् आवाज येऊन हेडलाइट मंद होत असतील, तर टॉपमध्ये टाकून गाडी मागे ढकलायची, बहुतेक वेळा सुटतं. जुन्या ल्युकास पद्धतीच्या सेल्फला त्यासाठीच मागे टोपीखाली शाफ्टचं चौकोनी टोक दिलेलं असायचं, पाना लावून फिरवायला.)

आणि पाना लावून इंजिन अजिबात हललंच नाही तर जोर करू नका. विशेषतः पावसात पाण्यातनं गाडी काढली असेल तर सिलिंडरमध्ये पाणी असू शकतं, पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. तिथे आधी इंजेक्टर काढायचे.

खाली कोणीतरी लिहिलंय, इंजिन हाताने फिरवायचं हँडल बसवून घ्या म्हणून. अहो, पद्मिनी कारला हँडल मारायचो आम्ही, पण ते पेट्रोल, कॉम्प्रेशन किती कमी. हे डिझेल, वीसच्या वर कॉम्प्रेशन रेशो. शेतावरच्या किर्लोस्कर इंजिनाला हँडल मारता येतं कारण त्याला डिकॉम्प्रेशनची (सिलिंडरमधला दाब सोडून देणारी) पट्टी असते, आधी जोरात फिरवून घ्यायचं, मग पट्टी पाडायची. आणि पद्मिनीचंही सोपं नव्हतं, एकोणिसाव्या वर्षी मी अंगठा दांड्याभोवती गुंडाळून हँडल खाली दाबलं, इंजिनाने उलटा झटका दिला, दीड महिना मनगट प्लास्टरमध्ये. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा आणि हँडल खालून वर ओढायचं, हे वडिलांनी नंतर सांगितलं.

कायमचा उपाय म्हणजे रिंग बदलणं. गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि मागचं ऑइल सील त्याच वेळी बघून घ्या, नाहीतर सहा महिन्यांनी परत मजुरी. नवी रिंग सगळीकडून सारखी तापवून फ्लायव्हीलवर टाकतात, गार झाली की आवळून बसते. लाल होईपर्यंत तापवू देऊ नका, दातांचा कडकपणा जातो. दातांची तिरपी घासलेली बाजू पिनियन जिकडून येतं तिकडे हवी. कोणी जुनीच रिंग तापवून काढतात आणि पाव फेरी सरकवून परत बसवतात, चांगले दात समोर येतात. पैशाची अडचण असेल तर तेही वाईट नाही, मी स्वतः तसं चार वर्षं चालवलंय. पिनियन मात्र नवंच टाका, खराब पिनियन नवी रिंग खातं.

दुकानात जाताना जुन्या रिंगचे दात मोजून न्या, पहिल्या दातावर खडूची खूण करून, नाहीतर मोजताना हमखास घोळ होतो.