वहाळाच्या बळावर पाणी वर चढेल का?

प्रश्न : आम्ही मुलुंडला राहतो, मात्र संगमेश्वर तालुक्यात आमची वडिलोपार्जित जमीन असून तिच्या पायथ्याशी वहाळ आहे. आंबा-काजूची दीडशे नवी कलमे वहाळापासून सुमारे २० मीटर उंचीवर आहेत आणि तेथे वीज पोहोचलेली नाही. प्रवाहावर चाक फिरवून पाणी वर नेता येईल का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : नेता येईल. किती, ते वहाळात पाणी किती आहे आणि ते किती उंचीवरून पडते यावर ठरेल. समजा, बंधारा घालून आपण एक मीटरची उंची मिळवली आणि सेकंदाला २० लिटर पाणी चाकावर वरून सोडले. काहीच वाया गेले नसते, तर तेवढ्या बळावर सेकंदाला एक लिटर पाणी २० मीटर, म्हणजे सहामजली इमारतीच्या गच्चीइतके, वर चढले असते. चाक, पंप आणि पाइप यांत दोनतृतीयांश बळ खर्ची पडते असे धरले, तरी तासाला १,२०० लिटर पाणी मिळेल आणि चाक रात्रीही फिरत असल्याने हे पाणी थोडे नव्हे.

मात्र हा भरल्या वहाळाचा हिशेब झाला. कोकणात जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो आणि कलमांना पाणी लागते ते धार बारीक झाल्यावर. म्हणून सुट्टीत गणपतीला गावी गेल्यावर वहाळ पाहून निर्णय घेऊ नये. मार्चअखेरीस सगळी धार पाइपातून काढून २०० लिटरचे पिंप किती वेळात भरते ते मोजावे. ४० सेकंद लागले, तर सेकंदाला ५ लिटर प्रवाह आहे आणि वर तासाला ३०० लिटर पोहोचतील. लहान कलमांना तेही पुरेल, परंतु वर साठवणीची टाकी हवी.

पंपाची निवड जपून करावी. असे चाक मिनिटाला पंधरा-वीस फेरेच घेते, त्यामुळे मिनिटाला हजारो फेऱ्यांवर चालणारा, पाते गरगर फिरवून पाणी फेकणारा नेहमीचा सेंट्रिफ्यूगल पंप येथे निरुपयोगी आहे. चाकाभोवती पाइपाचे वेढे गुंडाळून केलेला पंप, जो झुरिकमध्ये १७४६ साली प्रथम बनवला गेला, स्वस्त पडतो. पण प्रत्येक वेढा फार तर आपल्या व्यासाइतकीच उंची देतो, त्यामुळे २० मीटरसाठी वीसहून अधिक वेढे लागतील आणि फिरत्या सांध्यातून गळती होत राहील. आमच्या मते चाकाच्या आसाला क्रँक, म्हणजे गोल फिरणे पुढे-मागे हालचालीत बदलणारा वाकडा दांडा, लावून समोरासमोर दोन पिस्टन पंप चालवावेत, म्हणजे भार समान राहतो. पाइपाच्या तळाशी पाणी मागे येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि पाण्याचे धक्के शोषणारी हवेची बंद कुपी बसवावी.

वसईच्या वाड्यांत रहाटाला बैल लागत. येथे बैलाचे काम प्रवाह करील, पण पुरात त्याला आवरता येणार नाही. त्यामुळे चाक, चौकट आणि पंप बोल्टने जोडावेत आणि मेअखेरीस उचलून काठावर ठेवावेत.