फोन तापला, डॅशकॅम फुगला, वाय-फाय बसला: नवतप्यातले तुमचे प्रश्न

मे महिन्यात नागपुरातून जी पत्रं येतात ना, त्यातली अर्धी उन्हाचीच असतात. वरून प्रश्न फोनचा दिसतो नाहीतर गाडीचा, पण जरा खरवडलं की खालून ऊनच निघतं. यावेळी नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, तोंडावर आहे त्यामुळे तीच पत्रं आधी घेतलीत, बाकीच्यांनी राग मानू नये.

प्रश्न: भाऊ, मी डिलिव्हरीचं काम करतो, दुपारभर बर्डी, धंतोली, रामदासपेठ असं फिरणं असते. फोन हँडलवरच्या होल्डरमध्ये. मागच्या आठवड्यापासून स्क्रीन आपोआप काळपट होऊन राहिली आणि पॉवर बँक लावली तरी चार्जिंग घेऊन नाही राहिला. दुकानवाला म्हणतो बॅटरी गेली, बदला. मित्र म्हणतो दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेव. कोणाचं ऐकू? (मानेवाडा)

उत्तर: दोघांचंही नका ऐकू. आधी एक करून बघा, रात्री 10 वाजता घरी पंख्याखाली हाच फोन चार्जिंगला लावा. नीट चार्ज झाला म्हणजे बॅटरी शाबूत आहे, फोन फक्त स्वतःला वाचवून राहिला होता. आतमध्ये तापमान मोजणारा सेन्सर असतो, एका हद्दीवर गेलं की फोन आधी ब्राइटनेस कमी करतो, मग चार्जिंग थांबवतो, कारण तापलेल्या लिथियम बॅटरीत करंट ढकलणं म्हणजे तिचं आयुष्य खाणं. अ‍ॅपलवाले तर लिहूनच देतात की आयफोन 0 ते 35 डिग्रीत वापरा. 35 डिग्री! आपल्याकडे मेमध्ये 35 असलं तर लोक म्हणतात आज जरा गार आहे.

तुमचं काय होतं बघा, वरून थेट ऊन, स्क्रीन फुल ब्राइटनेसवर, जीपीएस चालू, डेटा चालू आणि त्यावर पॉवर बँकची गरमी, पाच चुली एकाच वेळी पेटवल्यासारखं. म्हणून चार्जिंग उन्हात करूच नका, हॉटेलबाहेर ऑर्डरची वाट बघता ना तेव्हा सावलीत करा, कव्हर काढून. मोबाईलला टोपीसारखी छत्री लावलेले होल्डर मिळतात, दिसायला हास्यास्पद आहेत पण सावली पडते, घ्या. डिक्कीत मात्र फोन टाकू नका, पेट्रोलच्या स्कूटरला सीटखाली इंजिनाची गरमी वर येते. आणि फ्रीज तर अजिबात नाही, गार झालेला फोन बाहेरच्या हवेत आला की त्यावर दव धरतं, थंड पाण्याच्या ग्लासला बाहेरून पाणी सुटतं तसंच, ते आतल्या बोर्डवरही बसू शकतं. पंख्याखाली ठेवा, पंधरा मिनिटांत माणसात येतो.

रात्रीही चार्ज नाही झाला तर मग दुकानवाल्याचं खरं.

प्रश्न: गाडीत डॅशकॅम (काचेवरचा रेकॉर्डिंग कॅमेरा) लावला, ऑनलाइन सेलमध्ये घेतलेला, रिव्ह्यू चांगले होते. एप्रिलपर्यंत मस्त चालला. ऑफिसच्या पार्किंगला शेड नाही, आता त्याची पाठ फुगून आली आहे आणि सुरू केला की तारीख 1 जानेवारी दाखवतो. कंपनीवाले म्हणतात वॉरंटीत बसत नाही. नवीन कोणता घेऊ? (हिंगणा रोड)

उत्तर: कोणता ते नंतर, आधी तो फुगलेला काचेवरून काढा, आजच. उन्हात उभ्या बंद गाडीत डॅशबोर्डजवळचं तापमान बाहेरच्यापेक्षा कितीतरी वर जातं, तिथे फुगलेली लिथियम बॅटरी ठेवणं म्हणजे मुद्दाम आफत बोलावणं आहे. टोचू नका, दाबून सरळ करू नका (लोक करतात, मला फोटो पाठवतात!), घंटागाडीत टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याला द्या. तारीख 1 जानेवारी दाखवतो कारण बॅटरी मेली की घड्याळ चालू ठेवायला काही उरत नाही.

आता नवीन. डॅशकॅम दोन जातीचे येतात, एकात छोटी लिथियम बॅटरी आणि दुसऱ्यात सुपरकपॅसिटर, म्हणजे थोड्या वेळापुरती वीज साठवणारा भाग. डॅशकॅमला वीज गाडीकडूनच मिळते, आतलं जे काही आहे ते फक्त गाडी बंद झाल्यावर शेवटची फाईल सेव्ह करायला काही सेकंद पुरवायचं असतं, आणि तेवढ्याला कपॅसिटर पुरतो, वर तो गरमी बॅटरीपेक्षा खूप चांगली सोसतो. म्हणून नागपुरात, चंद्रपुरात, अकोल्यात राहणाऱ्याने मेगापिक्सेल बघण्याआधी स्पेसिफिकेशनमध्ये हा एक शब्द शोधावा. रिव्ह्यू चांगले होते म्हणता ना, ते बंगलोरच्या माणसाने ऑक्टोबरमध्ये लिहिलेत का हे कोण बघतं! मी पण नव्हतं बघितलं, माझाही पहिला असाच फुगला होता.

गाडी उभी असताना रेकॉर्डिंग पाहिजे असेल तर कपॅसिटरवर ते होत नाही, फ्यूज बॉक्सवरून वेगळं वायरिंग करावं लागतं. आणि कार्ड हाय एन्ड्युरन्स लिहिलेलं घ्या, डॅशकॅम जुनं पुसून त्यावरच नवीन लिहीत राहतो दिवसभर, साधं कार्ड लवकर थकतं आणि नेमकं कोणी ठोकलं त्या दिवशीच रिकामं निघतं.

प्रश्न: शिर्डीला समृद्धी महामार्गाने जायचं आहे, पाच जणं आणि सामान. आमचे जावई म्हणतात उन्हाळ्यात हवा 4-5 पॉइंट कमी ठेवा नाहीतर टायर फुटतो. पंपावरचा पोरगा म्हणतो नायट्रोजन भरा काका. गाडी 2018 ची आहे, टायरला नक्षी भरपूर आहे. (महाल)

उत्तर: काका, जावयाचा मान ठेवा पण हवा कमी नका करू. हे आपल्याकडचं सगळ्यात हट्टी खोटं आहे आणि ते खरं वाटतं म्हणूनच टिकलंय. हवा तापली की फुगते हे बरोबर, साधारण 5-6 डिग्रीला 1 पीएसआय, म्हणजे तुमचा 1 पॉइंट, वाढतो, पण कंपनीने तो हिशेब धरूनच आकडा दिलेला असतो. टायर फुटतो तो बहुतेक वेळा कमी हवेने, कारण हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, वाकून वाकून आतून तापते आणि तासन्‌तास तापून शेवटी सोडून देते. शहरात ते कळत नाही कारण दर दोन मिनिटाला सिग्नल. समृद्धीवर सिग्नलच नाही, गाड्या 120 च्या लिमिटवर सरळ सुटलेल्या, खाली काँक्रीट, म्हणून तिथे कळतं.

ड्रायव्हरचं दार उघडा, खांबावर स्टिकर असतो, त्यात भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा असतो, पाच जणं आणि सामान म्हणजे तोच तुमचा. सकाळी निघायच्या आधी, टायर गार असताना भरा. टायरच्या अंगावर लिहिलेला मॅक्स आकडा वेगळा, तो भरायचा नसतो. दुपारी रस्त्यात मोजला आणि वाढलेला दिसला तर घाबरून सोडू नका, त्याने वाढायचंच असतं. नायट्रोजन भरला तर नुकसान काही नाही, पण साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो आणि तो फुकट आहे.

नक्षीवर मात्र जाऊ नका. टायरच्या बाजूला डीओटी (DOT) ही अक्षरं शोधा, त्या ओळीच्या शेवटी लंबगोल चौकटीत चार आकडे असतात, 2318 असेल तर 2018 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. गाडीसोबत आलेलेच टायर असतील तर ते आता चांगलेच म्हातारे झालेत, रबर कडक होतं, बाजूला बारीक भेगा पडतात, नक्षी मात्र तशीच राहते कारण तुमची गाडी महाल ते इतवारी एवढीच फिरते. मी असतो तर चारही बदलून मग साईबाबांना भेटलो असतो. नवीन घेताना पण ते चार आकडे बघा, दुकानदार वैतागतो, वैतागू द्या.

प्रश्न: फास्टॅगचा वार्षिक पास काढला, तरी समृद्धीवर पैसे कटले. फसवलं का मला? (प्रतापनगर)

उत्तर: नाही ताई. तो पास 15 ऑगस्ट 2025 पासून आला, तेव्हा 3000 रुपयांत एक वर्ष किंवा 200 फेऱ्या, जे आधी संपेल ते. पण तो नॅशनल हायवेवरच्या टोलसाठी आहे. समृद्धी राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचा (एमएसआरडीसी) रस्ता, तिथे फास्टॅगच्या नेहमीच्या बॅलन्समधूनच पैसे जातात, म्हणून पास आहे म्हणून बॅलन्स शून्य ठेवून शिवमडक्याला, समृद्धीच्या नागपूरच्या टोकाला, पोचू नका. दर आठवड्याला अमरावतीला नाहीतर हिंगणघाटकडे जाणं असेल तर पास वसूल होतो. वर्षातून दोनदा माहेरी जाणाऱ्यांनी आधी टोल मोजावेत.

प्रश्न: व्हॉट्सअ‍ॅपवर चलान आलं, गाडीचा एमएच 49 नंबर बरोबर होता, फाईल उघडली. नंतर मुलगा ओरडला. (जरीपटका)

उत्तर: मुलगा बरोबर ओरडला. फाईलच्या नावाच्या शेवटी डॉट एपीके असेल तर ते चलान नाही, अ‍ॅप आहे, इन्स्टॉल झालं की तुमचे एसएमएस वाचतं आणि त्यात ओटीपी असतात. पोलीस एपीके पाठवत नाहीत, एवढं पक्कं. फोन लगेच फ्लाइट मोडवर, वाय-फायही बंद, दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगा, पैसे गेले असतील तर 1930 वर तासाभरात फोन करा, जितकं लवकर तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. मग अ‍ॅप काढून फोन रिसेट. खरं चलान आहे का हे परिवहनच्या सरकारी साईटवर स्वतः नंबर टाकून बघायचं.

प्रश्न: बर्डीवरून जुना फोन घ्यायचाय, चोरीचा निघाला तर? (आयटीआयचा विद्यार्थी)

उत्तर: दुकानातच स्टार हॅश 06 हॅश डायल कर, आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, दिसेल, केवायएम लिहून जागा सोडून तो नंबर 14422 वर एसएमएस कर. ब्लॅकलिस्टेड आलं तर ठेवून दे तिथेच. दुकानदार करू देत नसेल तरी ठेवून दे.

प्रश्न: वाय-फाय वर्षभर चांगला असतो आणि उन्हाळ्यात मागच्या खोलीत येतच नाही. कंपनीचा माणूस तीनदा येऊन गेला, स्पीड बरोबर आहे म्हणतो. गरमीने राउटर खराब होतो का? (नंदनवन)

उत्तर: या पत्राने मला दोन दिवस झोपू दिलं नाही. राउटर गरमीने मंदावू शकतो पण मग सगळ्याच खोल्यांत मंदावला असता. शेवटी वाचकाला फोन करून विचारलं, राउटर कुठे आहे, तर म्हणाले हॉलच्या खिडकीशेजारी. आणि खिडकीत काय आहे? मार्चमध्ये चढवलेला लोखंडी कूलर!

पत्र्याचा डबा आणि त्यात भरलेली पाण्याची टाकी, वाय-फायला अडवायला याहून पक्की भिंत गवंडीही बांधून देणार नाही. पत्रा सिग्नल परतवतो, पाणी तो शोषतं. तुमच्या मागच्या खोलीची सरळ रेघ नेमकी कूलरमधून जाते. राउटर समोरच्या भिंतीवर, डोक्याच्या उंचीवर टांगा, गोदरेजच्या कपाटामागे नको. मागच्या खोलीत 5 गिगाहर्ट्‌झऐवजी 2.4 वाला जोडा, स्पीड कमी पण भिंतीपलीकडे जास्त पोचतो.

आजच सकाळी त्यांचा मेसेज आला, कूलर हलवला, मागच्या खोलीत मॅच दिसून राहिली, पण आता कूलरची वायर तिथवर पुरत नाही म्हणून बायको चिडली आहे. कूलर नव्हता हलवायचा हो, राउटर!