परदेशी जाण्याआधी टिग शिकावे की ड्रॉइंग?

सहा वर्षे आर्क आणि मिग वेल्डिंग केल्यानंतर परदेशी जाण्यापूर्वी पाइपचे टिग (टंगस्टनच्या इलेक्ट्रोडने, वायूच्या आवरणात केलेले) वेल्डिंग आणि ६जी, म्हणजे तिरक्या जखडलेल्या पाइपचा जोड, शिकावे, की ड्रॉइंग वाचनाचा वर्ग करावा, असे आपण विचारले आहे. व्हिसा आणि अर्ज यांची माहिती सरकारी पत्रकांत मिळते, म्हणून ती येथे देत नाही. मात्र आपला प्रश्न वाचून दोन रात्री नीट झोप लागली नाही, म्हणून हे लिहीत आहे.

६जी अवश्य शिका. ४५ अंशांत जखडलेला पाइप फिरवता येत नाही, त्यामुळे एकाच जोडात हाताची आणि शरीराची ठेवण सतत बदलावी लागते. खालच्या बाजूला, म्हणजे घड्याळातल्या सहाच्या जागी, रूट, म्हणजे जोडाचा सर्वांत आतला थर, पाइपच्या आतून खोलगट होतो आणि स्टेनलेसला आतून आर्गॉन वायू दिला नाही तर मागची बाजू काळी, खरबरीत होते. हे सगळे सरावाने जमते. मलाही जमले होते आणि माझ्या अडचणीचे मूळ बहुधा तेच असावे, कारण हात चांगला असला की कागद आपोआप समजतो, असा माझा समज झाला होता.

कागदाने मला पहिला फटका निघण्याआधीच दिला. माझ्याकडे आयएसओ ९६०६-१ या वेल्डरच्या परीक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकाचे प्रमाणपत्र होते आणि त्या मानकानुसार, वेल्डर ते काम करत असल्याची नोंद दर सहा महिन्यांनी जबाबदार व्यक्तीने सही करून द्यावी लागते. मी नोकरी सोडली, पुढची कागदपत्रे आठ महिने अडकली आणि तेवढ्यात सहीची मुदत उलटून गेली. एका सहीसाठी जुन्या कारखान्यात तीन वेळा पत्र पाठवले, उत्तर आले नाही. पोहोचल्यावर पुन्हा चाचणी होईपर्यंत माझ्या हातात ग्राइंडर देण्यात आला. म्हणून शेवटची सही निघण्याच्या तारखेच्या शक्य तितक्या जवळ घ्या आणि मूळ प्रत सोबत ठेवा.

आता ड्रॉइंगविषयी. मी फिलेटचे, म्हणजे कोपऱ्यात भरलेल्या त्रिकोणी वेल्डचे, माप नेहमी पायाच्या (पत्र्याला चिकटलेल्या बाजूच्या) लांबीने मोजत आलो होतो. नव्या ठिकाणी चिन्हाशेजारी ‘ए ६’ असे लिहिलेले होते. तो ‘ए’ म्हणजे घशाची जाडी (कोपऱ्यापासून वेल्डच्या पृष्ठभागापर्यंतचे सर्वांत कमी अंतर), हे मला माहीत नव्हते. पायाच्या लांबीसाठी तेथे ‘झेड’ लिहितात. मी ६ मिलिमीटरचा पाय ठेवून चाळीस ब्रॅकेट सुबक वेल्ड केले. अशा वेल्डचा घसा साधारण ४.२ मिलिमीटर भरतो. ‘ए ६’ साठी पाय सुमारे ८.५ हवा होता. प्रत्येकावर आणखी एक थर चढवताना कित्येक ब्रॅकेट उष्णतेने ओढले गेले. फोरमन ओरडला नाही. त्याने फक्त ड्रॉइंग माझ्यासमोर ठेवले आणि सगळ्यांसमोर मी ते वाचण्याची वाट पाहत उभा राहिला. ती दोन मिनिटे अजून संपलेली नाहीत.

वर्ग निवडताना एवढेच विचारा: आयएसओ २५५३ आणि अमेरिकी ए.डब्ल्यू.एस. या दोन्ही चिन्हपद्धती शिकवतात का? अमेरिकी पद्धतीत संदर्भरेषेखालचे (बाणाला जोडलेल्या आडव्या रेषेखालचे) चिन्ह बाणाच्या बाजूचा जोड दाखवते, तर आयएसओच्या एका पद्धतीत सलग रेषेवरचे चिन्ह बाणाच्या बाजूचे आणि तुटक रेषेवरचे पलीकडच्या बाजूचे असते. फर्स्ट अँगल आणि थर्ड अँगल या दृश्ये मांडण्याच्या दोन पद्धतींचेही तसेच आहे: पहिलीत वरून दिसणारे दृश्य समोरच्या दृश्याखाली काढतात, दुसरीत वर. शीर्षकचौकटीतले छोटे शंकूचे चिन्ह आधी पाहण्याची सवय लावली नाही, तर उजवा भाग डावीकडे लागतो.

एकटेपणाबद्दलही आपण विचारले आहे. कामाची पाळी संपल्यावर झोप येते. त्याहून अधिक सांगण्यासारखे नाही.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. आता नवे वेल्डर माझ्या हाताखाली येतात. गेल्या महिन्यात एकाने ‘ए’ आणि ‘झेड’मध्ये तीच चूक केली. माझ्या तोंडून एका वाक्यात खुलासा होऊ शकला असता. मी ड्रॉइंग त्याच्यासमोर ठेवले आणि वाट पाहत उभा राहिलो.